विरोधी बाजूसाठी एक वक्ता

रविवार, २८ डिसेंबर १९७५

सकाळी आमच्या शिक्षण संस्थेचे चेअरमन सयाजीराव यांनी बंगल्यावर बोलावलं. वीस वर्षं मी त्यांच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, नऊ वर्षं विभागप्रमुख आहे, पण बंगल्यावर बोलावणं हे पहिलंच. चहा त्यांनी बशीत ओतला आणि बोलायलाच सुरुवात केली.

"सर, देशाला एक मानूस पायजे. पाचशे जनांनी गाडा वढून चालतोय व्हय? दिल्लीत बी आता तेच चाललंय म्हंत्यात. अध्यक्षीय पद्धत आनायची. तुमी त्या विषयातलं. एक झकास परिसंवाद घ्या आनि एक पुस्तिका लिवा. पावनं मुंबईचं आनतो मी."

दिल्लीत घटना बदलण्याचा कसलासा मसुदा हातोहात फिरतो आहे, हे माझ्याही कानावर होतं. मी म्हणालो, "विषय मोठा आहे. दोन्ही बाजूंचा विचार करावा लागेल."

"करा की. पर शेवटी आपली बाजू वर दिसली पायजे."

उठताना ते सहज म्हणाले, की प्राचार्य गणपतराव जूनमध्ये निवृत्त होतात. मीही सहज ऐकलं असं दाखवलं.

इथे खरं लिहायला हरकत नाही. वीस वर्षं वर्गात मी संसदीय पद्धतीचेच गुण सांगत आलो. पण शिकवणं वेगळं, पटणं वेगळं. या देशाने गेल्या आठ-दहा वर्षांत काय पाहिलं? सकाळी या पक्षात, दुपारी त्या पक्षात. मंत्रिमंडळं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उघडली आणि मिटली. चौदा-पंधरा भाषा, शंभर जाती, आणि प्रत्येकाला आपला माणूस मंत्रिमंडळात हवा. साऱ्या देशाने मिळून निवडलेला एकच माणूस असला तर त्याला कोणा एका जातीचा, एका प्रांताचा होऊन चालणारच नाही. हा मुद्दा मला आजच सुचला आणि तो चांगला आहे.

सोमवार, ५ जानेवारी १९७६

परिसंवाद २४ तारखेला. विषय: 'बहुभाषिक भारताला संसदीय पद्धत की अध्यक्षीय?' अध्यक्षीय बाजू मी मांडणार. दुसऱ्या बाजूलाही कोणीतरी हवं, नाहीतर परिसंवाद म्हणजे कीर्तन व्हायचं. मी शिवगोंडाचं नाव सुचवलं.

शिवगोंडा माझ्या विभागात चार वर्षांपासून आहे. निपाणीकडचा, घरी कानडी बोलतो. आवाज इतका मऊ की मागच्या बाकावरचे विद्यार्थी ओरडतात, "सर, मोठ्यानं." मराठी बोलताना मधेच थांबून शब्द शोधतो. अशा माणसाने विरोध केलेला बरा. हे मी चेअरमनना सांगितलं तेव्हा ते गडगडून हसले.

शिवगोंडाला बोलावून सांगितलं तर तो घाबरला. "सर, सध्याच्या आणीबाणीत?"

"अरे, हा शैक्षणिक कार्यक्रम आहे. विभागप्रमुख म्हणून मी सांगतो आहे. मोकळेपणाने बोल."

"तुम्ही सांगताय तर बोलतो," म्हणाला.

गुरुवार, १५ जानेवारी

शिवगोंडा संध्याकाळी घरी आला होता. संक्रांतीचा तिळगूळ द्यायचं निमित्त, पण खरं काम टिपणं दाखवण्याचं. माझ्या बायकोने, कालिंदीने, त्याला चहा दिला, वर शेव-चिवडा. एवढा पाहुणचार तिने माझ्या सख्ख्या भावाचा केला नाही.

टिपणं साधीच होती. मी दोन-तीन ठिकाणी इंग्लंड-अमेरिकेचे दाखले घालायला सुचवले. तो हसून म्हणाला, "ते तुमच्याकडे असू देत सर. मी आमच्या गावाचंच सांगेन." मग कप खाली ठेवून म्हणाला, "खरं सांगू का? देशात आजच एक खुर्ची उरली आहे. बाकीच्यांना उभं राहायची सवय लावताहेत." कालिंदी दारात उभी होती, ती खुदकन हसली. यात हसण्यासारखं काय होतं ते तिलाच माहीत.

शनिवार, २४ जानेवारी

लिहायचं मन नाही, तरी लिहितो.

सभागृह भरलं होतं. मुंबईचे पाहुणे मधल्या खुर्चीवर, शेजारी चेअरमन. मी पन्नास मिनिटं बोललो. पक्षांतरं, फ्रान्सचा अनुभव, स्थिरता, एक राष्ट्र एक नेता, सगळं आलं. पाहुण्यांनी दोनदा मान हलवली. टाळ्या झाल्या. मापात झाल्या, पण झाल्या.

मग शिवगोंडा उठला. ध्वनिक्षेपक होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्याच्या मऊ आवाजाचा प्रत्येक शब्द मागच्या भिंतीपर्यंत गेला.

तो म्हणाला, "माझ्या गावात कानडी बोलणारे आहेत, मराठी बोलणारे आहेत, मुसलमानांची एक गल्ली आहे, धनगरांचा वाडा आहे. पूर्वी गावाला एकच पाटील होता. पाटील वाईट नव्हता. पण विहिरीचं पाणी आटलं तर त्याच्याकडे जाऊन भांडायचं धाडस फक्त त्याच्या गल्लीला होतं. पुढे पंचायत झाली, अकरा जण बसायला लागले. ते भांडतात. बैठकीत चप्पल उगारतात. पण आता प्रत्येक गल्लीला भांडायला आपला एक माणूस आहे. आदरणीय सर म्हणाले, सगळ्या देशाचा एक माणूस सगळ्यांचा असेल. असेलही. पण एका खुर्चीचे अकरा भाग होत नाहीत. ती एकाला मिळाली की दहा जण हरले. मंत्रिमंडळात हरलेल्यालाही कोपऱ्यात एक पाट मिळतो. एवढ्या जातिभाषांच्या घरात हरलेल्याला जेवायला वाढणं ही चैन नाही, गरज आहे."

मग म्हणाला, "आणि संसदेत राज्य करणाऱ्याला रोज सकाळी उठून उत्तर द्यावं लागतं. अध्यक्षाला पाच वर्षांनी. तोवर माझी आई कोणाला विचारणार? तिला मराठी येत नाही."

पोरं उभी राहिली. शिट्ट्या वाजवल्या. माझ्याच वर्गातली पोरं.

पाहुणे चेअरमनकडे झुकून म्हणाले, "हे कोण गृहस्थ?" ते मला ऐकू आलं. चेअरमन माझ्याकडे बघत होते, त्याच्याकडे नाही.

खाली उतरल्यावर शिवगोंडा माझ्या पाया पडला. "सर, तुमच्यामुळं बोलता आलं." इतका धूर्तपणा एवढ्या वयात कुठून येतो?

सोमवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाला चेअरमन माझ्याशी बोलले नाहीत. जाताना मोटारीची काच खाली करून एवढंच म्हणाले, "पावनं लई नाराज हुतं. त्यो काय काय बोलला ते लिवून द्या मला. वरून विचारना झाली तर आपल्याकडं कागद पायजे. तुमी विभागप्रमुख हाय न्हवं?"

मंगळवार, २७ जानेवारी

दोन पानं लिहून दिली. भाषण मी बारकाईने टिपून घेतलेलं होतं, त्यामुळे एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही. शेवटी देशात एक खुर्ची उरल्याचं ते वाक्य घातलं. ते तो सभागृहात बोलला नव्हता, आमच्या घरी बोलला होता. पण वाक्य त्याचंच आहे. माणूस घरात बोलतो तेच त्याचं खरं मत असतं. नोंद पूर्ण असावी, एवढाच माझा हेतू. एक प्रत माझ्याकडे ठेवली आहे.

चेअरमननी वाचून घडी घालून खिशात ठेवली. "झ्याक," म्हणाले.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आज सकाळी शिवगोंडाला पोलिसांनी नेलं. मिसाखाली, ना खटला ना जामीन. कॉलेजचा शिपाई पिराजी सांगत आला. तो त्याच्याच गल्लीत राहतो. अंघोळीचं पाणी काढलं होतं म्हणे, अंघोळ करू दिली नाही. बायको तान्ह्या पोरीला घेऊन जीपमागे धावली.

मला धक्काच बसला. दोन पानांवर एवढं होत नाही. या लोकांचे सीमाभागात काय काय संबंध असतात, आपल्याला काय माहीत! चार वर्षांत मी एकदाही त्याच्या घरी गेलो नाही.

कालिंदी म्हणाली, "तुम्ही जाऊन चौकशी करा. तुमच्या सांगण्यावरून तो बोलला."

"मी बोल म्हणालो, काय बोल ते नाही सांगितलं."

"मोकळेपणाने बोल म्हणालात. जेवताना मला तुम्हीच सांगितलंत."

बायकोला सगळं सांगण्याची सवय मोडली पाहिजे.

मंगळवार, ९ मार्च

पुस्तिका छापून आली. 'अध्यक्षीय पद्धत: काळाची हाक'. मुखपृष्ठ तिरंगी. स्टाफरूममध्ये प्रत्येकाच्या खणात एकेक प्रत ठेवली. संध्याकाळी पाहिलं तर बऱ्याच प्रती तिथेच. इतिहासवाल्यांनी त्यांच्या प्रतीवर चहाचा कप ठेवला होता.

हल्ली मी आत गेलो की बोलणं थांबतं. मत्सर. प्राचार्यपद कोणाला जाणार ते सगळ्यांना दिसतं आहे.

शुक्रवार, ४ जून

प्राचार्य झालो. गणपतरावांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, हातात दिल्या नाहीत. म्हणाले, "शिवगोंडाचा पगार मी चार महिने थांबू दिला नव्हता. आता तुमचं तुम्ही बघा." जाता जाता काटा टोचून गेलेच.

आणि आजच एक चमत्कारिक गोष्ट झाली. अभिनंदनाचा हार घालून झाल्यावर चेअरमननी मला बाजूला घेतलं.

"सर, ते पुस्तक आता वाटू नका."

"का?"

"पेपर वाचत न्हाय व्हय? दिल्लीच्या समितीनं सांगितलंय, आपल्याला संसदीय पद्धतच बरी. इतक्या भाषा, इतका मुलूख, तीच बरी म्हंत्यात. पक्षानं बी मान्य केलंय. वारं फिरलंय. उरल्याली पुस्तकं गोदामात टाका आनि दुसरं लिवा. संसदीय."

"पण मी तर..."

"तुमी इद्वान हाय. इद्वानाला काय, हिकडनं बी लिवता येतंय, तिकडनं बी."

पेपर मी वाचला होता. वाचूनही वाटलं होतं, ही तात्पुरती चाल असेल. रात्रंदिवस मान मोडून तयार केलेला माझा युक्तिवाद एका समितीने दीड ओळीत निकालात काढला. मसुदे फिरवणारी ही माणसं लिहिणाऱ्याचा विचार करतात का? मला खरोखर संताप आला. शिवगोंडाचा विचार मनात आला नाही असं नाही. पण त्याच्यावर नेमकं काय आहे ते कोणी सांगितलेलंच नाही. मिसाचं तसंच असतं.

रविवार, १८ जुलै

दुसरी पुस्तिका पुरी होत आली. आधी लेखणी चालतच नव्हती. वीस वर्षं शिकवलेले मुद्दे वहीतून काढले तर सगळे शिळे, ब्रिटिश पार्लमेंटचे. भारताला हीच पद्धत का, याचं उत्तर त्यांत नाही. मग जानेवारीतल्या नोंदीची प्रत काढली. एका खुर्चीचे अकरा भाग होत नाहीत, हरलेल्यालाही पाट, वगैरे. विचार म्हणून त्यात तथ्य आहे. गावाचं नाव आणि आईचा उल्लेख गाळला, भाषा जरा भारदस्त केली. शेवटी मुद्दे हवेतले असतात, कोणाच्या मालकीचे नसतात. विभागप्रमुखाच्या हाताखाली झालेलं काम विभागाचंच.

सोमवार, २३ ऑगस्ट

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो. उद्या कोणी वेगळं सांगू नये.

संध्याकाळी दार वाजलं. शिवगोंडाची बायको गंगव्वा, कडेवर पोरगी. हातात माझी नवी पुस्तिका. कालिंदीने तिला आत घेतलं, पाटावर बसवलं. मी ऑफिसात भेट म्हणणार होतो, पण ती बसली होती.

"सर, पिराजीमामांनी ही वाचून दावली मला," ती म्हणाली. "आमचं मालक जे बोललं, तेच तुमी लिवलायसा की."

"विषय एक असला की मुद्दे सारखे येतात."

"व्हय व्हय. चांगलं झालं. म्हंजे आता सरकारबी तेच म्हंतंय, तुमीबी तेच म्हंतासा. मग ह्यांनी काय गुन्हा केला?" तिने पदराखालून एक कागद काढला. वकिलाने लिहून दिलेला अर्ज. शिवगोंडाने केलेलं भाषण सरकारच्या आजच्या धोरणाशी जुळणारं होतं आणि ते त्याने विभागप्रमुखांच्या सांगण्यावरून केलं, असं त्यात होतं. खाली जागा मोकळी. "हितं तुमची सई पायजे सर. वकील म्हनला, प्राचार्यांची सई असली की फरक पडतोय."

मी कागद दोनदा वाचला. म्हणालो, "मला संस्थेला विचारावं लागेल."

"सई तर तुमची हाय न्हवं? तुमाला इचारून बोललं ते. संस्थेला इचारून न्हाय बोललं."

"बाई, हे इतकं सोपं नसतं."

पोरगी माझ्या चष्म्याकडे हात करत होती. मग गंगव्वा म्हणाली, "मी भेटून आले त्यास्नी. लई वाळल्यात. चौकशीत सायबानं भाषन बाजूलाच ठेवलं म्हनं. एकच वाक्य परत परत वाचून दावलं. देशात एक खुर्ची उरलीया आनि बाकीच्यांस्नी उभं राहायची सवय लावत्यात. हे कुठं बोललास, कुनापुढं बोललास, म्हनून दोन दिस उभंच ठेवलं त्यास्नी. पर ह्यांनी कुनाचं नाव घेतलं न्हाय. सई केली, मीच बोललो म्हनून."

कालिंदी चहा घेऊन येत होती. ती जागच्या जागी थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तिका चाळत होतो.

तिने कप गंगव्वापुढे ठेवला आणि सरळ आवाजात म्हणाली, "ते वाक्य या घरात झालं, गंगव्वा. तू बसलीस तिथेच तो बसला होता. आम्ही दोघंच होतो ऐकायला. मी कोणाला सांगितलं नाही."

गंगव्वा उठली. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. तिने चहाला हात लावला नाही, अर्ज घडी घालून पदराखाली ठेवला, पोरीला उचललं. दारात कालिंदीला म्हणाली, "येते अक्का." मला काहीच म्हणाली नाही. साधी रीतही पाळली नाही या लोकांनी.

कालिंदीला मी समजावू लागलो, की नोंद पूर्ण असावी म्हणून... तर म्हणाली, "मला त्यातलं कळत नाही. तुम्ही सही करणार का, एवढं सांगा."

"चेअरमनना विचारतो म्हटलं ना."

मंगळवार, २४ ऑगस्ट

चेअरमन म्हणाले, "गप बसा. सापाच्या शेपटावर पाय द्यू नका." मला वाटलंच होतं. मी विचारलं नाही असं कोणी म्हणू शकणार नाही.

बुधवार, १ सप्टेंबर

कालिंदी मुरगूडला भावाकडे गेली. गणपतीनंतर येते म्हणाली. कोणता गणपती ते सांगितलं नाही.

शनिवार, १३ नोव्हेंबर

घटनादुरुस्ती पार पडली. बाकी पुष्कळ बदललं, संसदीय पद्धत राहिली. माझी पुस्तिका जिल्ह्यातल्या सगळ्या वाचनालयांत गेली. कोणी पत्र लिहिलेलं नाही. जेवण पिराजीची बायको आणून देते. डबा ओट्यावर ठेवते, आत येत नाही.

मंगळवार, ८ फेब्रुवारी १९७७

निवडणुका जाहीर झाल्यापासून माणसं सुटताहेत. शिवगोंडा काल सुटला. चेअरमनचा फोन: "घ्या त्याला परत. हार घाला. फोटू काढा. कुनाचं सरकार येतंय सांगता येत न्हाय."

सोमवार, १४ फेब्रुवारी

शिवगोंडा रुजू झाला. डोक्यावर निम्मे केस पांढरे, वय तेहतीस. चालताना भिंतीला हात लावतो. मी हार घालायला उठलो. त्याने हार हातात घेऊन टेबलावर ठेवला. "सर, हजेरीपत्रक," म्हणाला. सही केली.

मी म्हणालो, "जे झालं त्याचं मला फार..."

"तास कोणते आहेत माझे?" त्याने विचारलं.

मी वेळापत्रक दिलं. तो गेला. वर्षभर मी या भेटीची उत्तरं तयार ठेवली होती. एकही वापरायची वेळ आली नाही. म्हणजे त्याच्या मनात काही नसावं. तुरुंगात माणूस मवाळ होतो.

मंगळवार, २२ मार्च

दिल्लीतलं सरकार पडलं. रस्त्यावर गुलाल. चेअरमन नव्या लोकांच्या मिरवणुकीत पुढे होते. मला पाहून हात केला. मुरगूडला लिहिलेलं चौथं पत्र परत आलं. पाकीट उघडलेलंसुद्धा नाही.

सोमवार, २८ मार्च

परीक्षेआधीचे जादा तास चालू आहेत. दुपारी माझ्या खोलीला लागून असलेल्या वर्गात शिवगोंडाचा तास होता. मधली खिडकी उघडी, सगळं ऐकू येत होतं. विषय तोच, संसदीय की अध्यक्षीय.

मला वाटलं, आता माझ्यावर येईल. पुस्तिका काढेल, वाचून दाखवेल, पोरं हसतील. मी खुर्ची खिडकीजवळ घेतली.

त्याने आधी अध्यक्षीय बाजू मांडली. पंचवीस मिनिटं. इतकी चांगली, की मला माझ्या पन्नास मिनिटांची लाज वाटली. तुकडे झालेल्या सभागृहात दुबळ्यांचं काम कसं अडून राहतं, साऱ्या देशापुढे मत मागायला जाणाऱ्याला परक्या भाषेच्या दारातही वाकावं कसं लागतं. मग दुसरी बाजू. तीही तशीच. आवाज पूर्वीसारखा मऊ, आता ध्वनिक्षेपकही नाही. मागून कोणी "मोठ्यानं" म्हणून ओरडलं नाही.

एका मुलीने विचारलं, "सर, पण तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"मला जे वाटतं ते मी एकदा सांगितलं आहे," तो म्हणाला. "आता तुम्हाला काय वाटतं ते शोधा. आणि ज्याला उलटं वाटतं, तो वर्गात बसलेला राहील एवढं बघा."

माझं नाव नाही. एक टोमणा नाही. मी वाट पाहत राहिलो. मला ते सहन होईना. घंटा वाजवून पिराजीला बोलावलं आणि म्हणालो, "शेजारच्या वर्गात जाऊन सांग, फार गोंगाट होतो आहे, आवाज बंद करा."

पिराजी गेला. दारात उभा राहिलेला मला दिसत होता. बराच वेळ उभा होता. मग तसाच परत आला.

"सर," म्हणाला, "तितं समदी गप बसून ऐकत्यात. कुनाला गप करू?"